पोडागड टेकडीवरची तीन चमक

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्यांच्यावर बेतली ते गगनबिहारी साहू कोरापुटात माझे शेजारी होते. शपथेवर त्यांनी मला सांगितली.

जानेवारी १९९६. सकाळचे अकरा वाजत आलेले. लख्ख ऊन.

दूरसंचार खात्यातले इंजिनियर गगनबाबू कोरापुटजवळच्या एका टेकडीवर दुर्बीण लावून बसले होते. समोर एकतीस किलोमीटरवर पोडागड टेकडी. तिथे टेलिफोनच्या मायक्रोवेव्ह तबकड्यांसाठी टॉवर उभारायचा होता. कसला, ते त्यांनी ठरवायचं होतं. तारांनी ताणलेला हलका खांब, की आपल्याच चार पायांवर उभा राहणारा जड टॉवर?

हेड ऑफिसला खांब हवा होता.

आधी एका टेकडीवरून दुसरीवर सरळ नजर पोचते का ते पाहायचं. ज्युनियर इंजिनियर बनमाळी बरोबर अकराला पोडागडवरून आरसा तीनदा चमकवणार होता.

अकरा वाजले…

चमक. चमक. चमक.

गगनबाबूंनी आपला आरसा हलवून उत्तर दिलं.

मग त्यांच्या लक्षात आलं. चमक टेकडीच्या माथ्यावर नव्हती. माथ्याच्या वर होती… मोकळ्या आभाळात.

"गाढव झाडावर चढलाय वाटतं!"

"बाबू, तिथे झुडूपसुद्धा नाही," त्यांचा जुना मजूर टंकधर म्हणाला.

चमक हलू लागली. डावीकडे… उजवीकडे… सावकाश.

आणि सरळ खाली आली. विझली.

तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"साहूबाबू, बनमाळी बोलतोय. रागावू नका. जीप पंक्चर झालीय. अजून पायथ्याशीच आहोत."

टंकधर पोडागडकडे पाहत म्हणाला,

"पंचवीस वर्षांपूर्वी तिथे खांब उभा करत होतो, बाबू. वारा सुटला. माझा दादा वर होता."

"तू कुठे होतास?"

"खाली. तार धरून…"

तो आपले तळहात पाहत राहिला.

दोन वाजता बनमाळीची खरी चमक दिसली. जमिनीलगत.

गगनबाबूंनी अहवालात चार पायांचा टॉवर लिहिला. कारणंही दिली. तारा रोवायला सपाट जागा नाही. खांब वाऱ्यात पिळला की तबकडीचा नेम चुकतो. सगळी कारणं खरी होती.

एक कारण मात्र लिहिलं नाही.

टॉवर झाला. टंकधर हट्टाने तिथे राखणदार म्हणून राहिला. पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, खायचा, तिथेच झोपायचा. सणालाही खाली उतरेना.

एकदा गगनबाबूंनी वायरलेसवरून विचारलं, "टंका, बरा आहेस ना रे?"

खरखरीतून टंकधरचा आवाज आला…

"बाबू, रोज अकराला वरून दादाची हाक येते. 'तार सोडू नकोस' म्हणतो. मी सांगतो, दादा, या टॉवरला तारच नाही…"

"मग?"

"ऐकत नाही. म्हणून मी हात वर धरून उभा राहतो. बाबू… हाताला ओढ लागते."

एवढं सांगून गगनबाबू थांबले.

मी विचारलं, "टंकधर आता कुठे असतो?"

"वर, दादापाशी. अकराला आता दोघंही हाक मारतात," म्हणत ते उठले, घरात गेले आणि दाराला आतून कडी घातली.