अक्काला नकार ऐकू येत नाही

'वज्रघाट तीन'चा पहिला खेळाडू भुकेनं मेला, आणि तोही अन्नछत्राच्या दारात.

खेळत होती नागपूरची गार्गी बोबडे. संगणकावरच्या भूमिका-खेळांची चिरफाड करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ती खेळायला बसली की हजारो लोक आपापल्या पडद्यावर ते थेट बघत. जयसिंगपुरात, रंगाच्या दुकानावरच्या खोलीत, त्रिशला मगदूम आणि वीरेश हुक्केरीही बघत होते. कारण हा खेळ त्यांनी बनवला होता. मूळ 'वज्रघाट'चे दोन भाग काढून कंपनीनं हात झटकले होते. तिसऱ्या भागाची वाट बघून कंटाळलेल्या या चाहत्यांनी मग तो स्वतःच करायला घेतला. नोकरी सांभाळून, रविवार जाळून, पदरमोड करून.

गार्गीचा जखमी योद्धा सूर्यास्ताला अन्नछत्राशी पोचला. दारात ते चालवणारी अक्का उभी होती. "दिवे लागले बाबा, आता चूल विझली," ती मायेनं म्हणाली. "पहाटे ये, गरम गरम वाढते." पहाटेपर्यंत योद्धा आटोपला होता.

"अरे बाप्पा!" गार्गी ओरडली. "काऊन वो अक्का, असं अन्नछत्र असते का?"

वीरेशनं त्रिशलाकडे बघितलं. त्रिशलानं कपाळावर हात मारला. दिवस मावळल्यावर न जेवणं हा तिच्या जैन घराचा नेम. तो खेळातल्या अक्काकडेही गेला होता आणि दोघांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

गार्गी पुन्हा आली, या वेळी भरदुपारी. आता अक्कानं वाढलं, आणि वाढतच राहिली. योद्धा "पुरे" म्हणाला की ताटात भाकरी, पुन्हा "पुरे" म्हणाला की वर तुपाची धार. तोवर तिकडे शत्रूनं वेस जाळली. पुढच्या डावात गार्गीनं सेनापतीपुढे शस्त्र टाकलं. कैदी होऊन गडात शिरायचा तिचा बेत होता. पण सेनापती म्हणाला, "छे छे, असं कसं? एवढ्या लांबून आलात, अजून दोन हात होऊ देत की." आणि त्यानं प्रेमानं तिचं मुंडकं उडवलं.

हसून हसून गार्गीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ती गंभीर झाली. "घोडे हवेत चालतात, घाटाचा रस्ता भिंतीत घुसतो, ते सगळं माफ. हौशी लोक आहेत. पण या खेळात कुणालाच नकार ऐकू येत नाही, राजेहो. हा दोष मोठा आहे. हे दुरुस्त होईपर्यंत याच्या वाटेला जाऊ नका."

पडदा बंद झाला. खोलीत रंगाचा वास तेवढा उरला.

"सगळी पात्रं तुझ्या आईसारखी बोलतात," वीरेश म्हणाला. "सेनापतीसुद्धा."

त्यालाही कारण होतं. अलीकडे पात्रांचे संवाद लिहीत कुणी बसत नाही. एखाद्या माणसाचं रोजचं बोलणं काही महिने यंत्राला ऐकवायचं; यंत्र त्याचा 'बोलठसा' घेतं. नुसते शब्द नाहीत हं, तो माणूस कशावर अडतो, कशाला भुलतो, कधी होकार देतो, हे सगळं त्या ठशात उतरतं. मोठ्या कंपन्या त्यासाठी नट ठेवतात. या दोघांना ते कुठलं परवडायला? त्रिशलानं आईची परवानगी घेतली आणि ऐकणारी डबी सरळ स्वयंपाकघरात, फडताळावर ठेवली. मालनताई मगदूम दिवसभर बोलत, येणाऱ्याजाणाऱ्याला वाढत, आणि डबी ऐकत राहिली. त्या एका ठशात थोडे फेरफार करून दोघांनी अख्खा मुलूख वसवला. दगडापेक्षा वीट मऊ, म्हटलं दोघांनी.

बोलठशाला आतून चाचपता येतं. अमुक वागणं कुठून आलं असं विचारलं की तो ते ज्या प्रसंगांतून शिकला ते प्रसंग पुढे ठेवतो. वीरेश दोन दिवस त्यातच बुडाला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं त्रिशलाला बोलावलं.

"अक्काला नकार ऐकू येतो," तो म्हणाला. "नीट येतो. फक्त ती मोजून ऐकते."

"म्हणजे?"

"तुमच्या घरात पाहुणा आला, आईनं लाडू पुढे केला, तो 'नको' म्हणाला. आई थांबते काय?"

"थांबेल कशी? पहिल्याच 'नको'ला ताट उचललं तर लोक शेण घालतील तोंडात."

"बरोबर. ठसा हेच शिकलाय. पहिला नकार रीत म्हणून. दुसरा, समोरचा मनापासून विचारतोय का, हे बघायला. तिसऱ्यांदा माणूस जे बोलेल ते खरं. गार्गी तिसऱ्या वेळेपर्यंत थांबलीच नाही. मी थांबलो. तिसऱ्यांदा 'नको' म्हणालो तर अक्का 'बरं बाबा' म्हणाली आणि मुकाट बाजूला झाली." त्यानं खुर्ची वळवली. "आता मी हे काढून टाकतो. एका नकारात गप्प. सगळ्या जगात तसंच असतं."

"थांब," त्रिशला म्हणाली.

तिचा आवाज असा बदलला, की वीरेशनं हात मागे घेतला.

महिन्याभरापूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आईच्या हृदयातली एक झडप अरुंद झालीय. बदलली तर आणखी कितीतरी वर्षं मिळतील. नाही बदलली तर पुढचं वर्ष अवघड आहे. आई म्हणाली होती, "नको, आता काय करायचंय ते." घरी आल्यावर त्रिशलानं एकदा विचारलं. पुण्याहून श्रेणिकनं, तिच्या भावानं, फोनवर एकदा विचारलं. दोघांनाही तेच उत्तर मिळालं. मग भावंडांनी शहाण्यासारखं ठरवलं, की आईचा निर्णय आहे, आपण लादायचं नाही. तेव्हापासून घरात तो विषय निघाला नव्हता.

तिनं माइक ओढला आणि खेळातल्या अन्नछत्रात शिरली. "अक्का, छातीतली झडप बदलायला लागणार म्हणतात तुमची."

"नको गं बाई. या वयात कशाला ही चिरफाड?"

"बरं वाटेल तुम्हाला."

"तुमची कामंधामं सोडून माझ्यापाशी कोण बसणार? राहू दे की."

त्रिशला म्हणाली, "अक्का, करूया. मी बसते तुमच्यापाशी."

अक्काचा वाढता हात थांबला. "पर्युषणाच्या आत होईल काय गं?" तिनं विचारलं. "देवळात चालत जायचंय मला."

त्रिशला रडायलाच लागली. वीरेशनं पाण्याची बाटली पुढे केली. ती नको म्हणाली, तरी त्यानं ती तिच्या हातात कोंबली.

"ऐक," तो म्हणाला. "ही आई नव्हे. यंत्रानं बांधलेला अंदाज आहे. पडद्यावरच्या बाईनं 'हो' म्हटलं म्हणून खऱ्या बाईला ऑपरेशनला नेणार काय तू?"

"नाही नेणार. पण आम्ही दोघांनीही पहिल्याच 'नको'ला विचारणं सोडलं, एवढं तरी कळलं ना?"

तिनं जिन्यातूनच श्रेणिकला फोन लावला. तो चिडला. "आई नको म्हणालीय ना? पुन्हा पुन्हा विचारणं हा दबावच झाला, त्रिशला. आजारी माणसाचा नकार आपल्याला सोईचा नाही म्हणून तो खोटा ठरवायचा?"

तेही खोटं नव्हतं. म्हणूनच ती घाबरली होती. "आज एका बैठकीत तीनदा विचारते," ती म्हणाली. "तिसऱ्यांदाही नको म्हणाली, तर पुन्हा हा विषय काढणार नाही. कधीच."

घरी आई दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायच्या घाईत होती. भाकरी थापायची, मधेच ओट्याला धरून दम खायचा, पुन्हा थापायची. त्रिशलानं तिच्या हातातून परात काढून घेतली आणि स्वतः थापायला लागली.

"आई, झडपेचं ऑपरेशन करूया."

"परत काढलंस का ते? नको म्हटलं ना."

"डॉक्टर म्हणतात, हल्ली सोपं झालंय."

"त्यांना काय जातंय म्हणायला! श्रेणिकला रजा नाही, तुझा तो खेळ अर्धा पडलाय. नको गं, आहे ते बरं चाललंय."

इथवर आई आणि अक्का, दोघींचं एकच. पण यापुढचं खऱ्या आईकडून ऐकायचं होतं, आणि इथं पुन्हा डाव मांडून खेळायची सोय नव्हती. त्रिशलानं पिठाचे हात तसेच आईच्या हातांवर ठेवले. "आई, मला तू हवीयस. करूया?"

आई हळूच स्टुलावर बसली. देवळाचं, पर्युषणाचं ती काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी उठली नाही.

"फार दुखतं काय गं?" तिनं विचारलं.

त्रिशलानं मानेनंच नाही म्हटलं.

"मग घ्या तारीख." आईनं पदरानं डोळे पुसले आणि मग एकदम लहान पोरीसारखी रुसून म्हणाली, "एकदा तू विचारलंस, एकदा त्यानं विचारलं, आणि दोघंही गप्प बसलात. महिनाभर माझ्या मनात हेच, की पोरांनाच नकोय वाटतं. मी कशाला तोंड उघडू?"

"आई! असं कसं वाटलं तुला?"

"का वाटू नये? पाहुण्यालासुद्धा कुणी असं सोडत नाही." आईनं तिचा चेहरा निरखून बघितला. "मग आज कुणी सांगितलं तुला, अजून एकदा विचार म्हणून?"

त्रिशलानं तोंड उघडलं. काय सांगायचं? 'तूच सांगितलंस' म्हणायचं, की 'अक्कानं'?