दुसरा वाडगा

मासे पकडायचं हातजाळं घेऊन राजधानीत फिरायची सोमलित मास्तरांना लाज वाटत होती. बांबूची तिकोनी चौकट, तिला ताणलेली जाळी आणि जाळीत घडी घालून ठेवलेला निळा, पांढऱ्या फुलांचा शर्ट. पाकसानहून निघालेल्या पहाटेच्या बसमध्ये त्यांनी ते मांडीवर घेतलं होतं आणि वरून जुना टॉवेल टाकला होता. कंडक्टरने टॉवेलचं टोक उचलून पाहिलं, पुन्हा नीट झाकलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "जाताना एक तिकीट, येताना दोन?"

"हो," मास्तर म्हणाले. "येताना दोन."

तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते. अशा गोष्टींवर आपला विश्वास आहे की नाही, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. पण त्यांची एकुलती एक मुलगी दावोन महिनाभर चटईवर डोळे उघडे ठेवून पडून होती. भरवलं तर गिळायची. हाक मारली तर मान वळवायची नाही. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि काही सापडत नाही म्हणून घरी पाठवलं. मग शेजारची म्हातारी फेंग आली, तिने दावोनच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"ही इथे नाहीच," ती म्हणाली. "हिचा ख्वान शहरात राहिलाय. जा मास्तर, घेऊन ये."

ख्वान म्हणजे जीव नव्हे. जीव शाबूत असतो, पण त्यात राहणारं कोणी नसतं. माणूस दचकला, भ्याला, की ख्वान वाटेत कुठे तरी मागे राहतो. मग घरचं कोणी तरी त्या जागी जातं. जाळ्यात त्या माणसाचा कपडा ठेवतं, उकडलेलं अंडं आणि चिकट भाताचा गोळा ठेवतं, नाव घेऊन हाक मारतं आणि हवेतून जाळं फिरवतं. ख्वान आला की कपडा जड होतो. त्यानंतर घरी पोचेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, आणि बसमध्ये त्याच्यासाठी शेजारची जागा घ्यायची.

दावोन राजधानीला गेली होती ती एका दिवसासाठी, एकटी. विणकामाचे थोडे पैसे साठले होते. वाट मास्तरांनीच आखून दिली होती. तरुणपणी शिकायला ते तिथे राहिले होते, आणि खिसा रिकामा असताना व्हिएनतियान कसं बघायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "शहर पायीच बघायचं," ते म्हणाले होते. "बस-तळावर शेवयांचा गरम फे खायचा, पोट दुपारपर्यंत टिकतं. मग पातुसायची कमान, काळा स्तूप, सिसाकेतचं देऊळ आणि शेवटी नदी. टुकटुकवाल्यांच्या तोंडी लागायचं नाही." पहाटेच्या अंधारात ती जाकीट घालून बसमध्ये चढली. संध्याकाळी परतली ती या निळ्या शर्टात, पिशवी पोटाशी धरून. काय काय पाहिलंस, असं आईने विचारलं, तर ती बघत राहिली. जणू आईने दुसऱ्याच कोणाला विचारलं होतं.

"हाच शर्ट न्या," त्यांची बायको केओ काल म्हणाली होती. "हाच होता तिच्या अंगावर."

दावोनचा फोन मास्तरांच्या खिशात होता. त्यातले फोटो त्यांनी क्रमाने पाहिले होते: फेचा वाडगा, कमान, स्तूप, देवळातले कोनाडे, मग जुन्या कपड्यांचा एक ढीग, आणि शेवटी नदीकाठी ती स्वतः, निळ्या शर्टात. कपड्यांचा ढीग त्यांनी सांगितलेल्या वाटेवर नव्हता.

बस-तळाजवळच्या गाडीवर ते लाकडी बाकावर बसले. हवेत गारवा होता, उकळत्या हाडांच्या रश्शाचा वास होता. फेवाली त्यांच्याच वयाची, तोंडाळ बाई होती. तिने त्यांच्यापुढे शेवयांचा वाडगा ठेवला, पाल्याची ताटली ठेवली, लिंबू ठेवलं आणि शेजारी दुसरा वाडगा ठेवला.

"एकच सांगितला होता, बाई."

"आणि हिने काय वाऱ्यावर जगायचं? स्वतः तेवढे—" ती बोलता बोलता थांबली. टॉवेल घसरला होता. तिने जाळं पाहिलं, मग मास्तरांच्या शेजारच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं. ओला हात तिने कमरेच्या फडक्याला पुसला. "असू दे," ती म्हणाली. "पैसे एकाचेच द्या."

दुसऱ्या वाडग्यातून वाफ निघत राहिली. मास्तरांनी इकडेतिकडे पाहून जाळं हवेतून फिरवलं. "दावोन, चल बाळ. घरी चल."

शर्ट हलकाच होता.

कमानीपाशी टुकटुकवाले उन्हात पाय पसरून बसले होते. "काका, नदी तिकडे राहिली," एकजण ओरडला. "इथल्या कारंज्यात बेडूकसुद्धा नाही." बाकीचे हसले. मग त्यांना जाळ्यातला शर्ट दिसला. ओरडणाऱ्याने टोपी काढली आणि पाय आखडून घेतले. मास्तरांना त्याच्या चेष्टेपेक्षा ती टोपी काढणं जड गेलं.

तिकीट देणाऱ्या बाईने न विचारता दोन तिकिटं फाडली.

"मी एकटाच आहे," मास्तर म्हणाले.

"तुमच्याबरोबरची वर गेलीसुद्धा," ती म्हणाली. "पोरींना कुठला दम असतो, काका."

जिना अरुंद होता आणि सिमेंटचा गारवा अंगाला लागत होता. गुडघ्यावर हात टेकत मास्तर चढत राहिले. त्यांच्या वरच्या वळणावर कोणाच्या तरी चपला वाजत होत्या. ते थांबले की चपलाही थांबत. माथ्यावर पोचले तेव्हा तिथे कोणी नव्हतं. खाली रुंद रस्ता सरळ राजवाड्यापर्यंत गेलेला, त्यावर झाडांच्या सावल्या. त्यांनी हाक मारली, जाळं फिरवलं. शर्ट हलकाच.

काळ्या स्तूपाच्या विटांतून गवत उगवलं होतं. तिथेही काही नाही. पण आता मास्तरांची लाज कुठल्या कुठे गेली होती. ती इथेच कुठे तरी आहे, असं त्यांना पक्कं वाटू लागलं होतं, आणि या वाटण्याची भीतीही वाटत होती. वर्गात हजेरी घेताना एखादी मुलगी समोर बसलेली असूनही 'हजर' म्हणत नसे. तसं होतं ते.

सिसाकेतच्या ओसरीत भिंतभर कोनाडे आहेत आणि प्रत्येक कोनाड्यात बोटभर उंचीच्या दोन-दोन बुद्धमूर्ती. मास्तर पायरीवर टेकले. पांढऱ्या वस्त्रातली एक म्हातारी साध्वी पाचोळा झाडत होती. तिने जाळं पाहिलं, केरसुणी भिंतीला लावली आणि कमरेचा सुती दोरा काढून मास्तरांच्या मनगटावर बांधला. ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली. मग ती बाजूला सरकली, खाली वाकली, आणि त्यांच्या शेजारच्या पायरीवर, हवेत, दुसरा दोरा तितक्याच निगुतीने बांधला.

"बारीक झालीय पोर," ती म्हणाली आणि केरसुणी घेऊन गेली.

दोरा पायरीवर पडला होता. गाठ पक्की बसलेली, आणि आत एका मनगटाएवढी पोकळी.

"जवळ आहेस तर ये ना," मास्तर जाळं पुढे करून म्हणाले. "का येत नाहीस?"

शर्ट हलकाच राहिला. दोरा खिशात घालून ते उठले.

नदीकडे जाताना त्यांना एक गल्ली लागली. नदीपलीकडच्या देशातून गठ्ठ्यांनी येणारे वापरलेले कपडे तिथे ढिगांनी विकायला असतात. फोटोतला ढीग हाच. डांबरगोळ्यांचा वास, वर काठ्यांना टांगलेले शर्ट, पँट, कोणाकोणाच्या अंगांचे आकार अजून धरून राहिलेले. दुकानाची बाई पंख्यासमोर पेंगत होती. मास्तरांनी जाळं उचललं.

"दावो—"

नाव पुरं व्हायच्या आत जाळं खाली ओढलं गेलं. बांबू करकरला. शर्ट ओल्या कपड्यासारखा जड झाला होता, आणि जाळीला तळाशी फुगवटा आला होता.

मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हातांनी जाळं छातीशी घेतलं.

बाईला जाग आली होती. ती शर्टाकडे बघत होती. "काका, हा तर माझ्याकडचाच," ती म्हणाली. "महिन्यापूर्वी एका पोरीला—"

मास्तर वळले आणि चालू लागले. बोलायचं नव्हतं.

"काका, ऐका तरी."

वळून बघायचं नव्हतं. नदी राहिली होती, पण आता नदीचं काय काम? ते झपाझप बस-तळाकडे निघाले. थोड्या वेळाने मागून चपला वाजू लागल्या. कोणी तरी पळत होतं, दमून थांबत होतं, पुन्हा पळत होतं. कपडेवाली असेल, असं मास्तरांनी मनाला सांगितलं. मान ताठ ठेवली.

बसमध्ये त्यांनी जाळं खिडकीशेजारच्या जागेवर ठेवलं. कंडक्टरने दोन तिकिटं दिली. बस हलली तेव्हा बाहेरून कोणी तरी पत्र्यावर हात मारला. एकदा, मग पुन्हा, मग जोरात.

कंडक्टर दारातून वाकला. "जागा नाही, पोरी," तो म्हणाला. "भरली."

घरी केओ फाटकातच उभी होती. "उठून बसली," ती रडत, हसत म्हणाली. "दुपारीच. भात मागितला."

म्हाताऱ्या फेंगने जाळ्यातलं अंडं सोललं. कुठेही खळगा नाही, गुळगुळीत. म्हणजे ख्वान पुरता आला होता. ख्वान पुन्हा सुटू नये म्हणून गावाने दावोनच्या दोन्ही मनगटांवर दोरे बांधले. तिने प्रत्येकाला हात जोडले.

त्यानंतर ती बरी झाली. खरं तर आधीपेक्षा बरी. पूर्वी कामाला नाक मुरडायची, आता सांगायच्या आधी उठायची. आईला क्षणभर सोडत नसे. हातमागावर ती एक नक्षी विणू लागली, काळ्यावर लाल, जी गावात कोणी विणत नाही.

"कुठे शिकलीस गं ही?" केओने विचारलं.

"मला येते," दावोन म्हणाली.

केओ खुशीत होती. मास्तरांना जे वाटत होतं ते म्हणण्याजोगं नव्हतं.

मग एकदा केओने धुवायला म्हणून खुंटीवरची पिशवी रिकामी केली. तळाशी चुरगळलेला पांढरा शर्ट होता. दावोनचा नेहमीचा, कॉलरला केओने टाके घातलेला. "बघा, हा इथे," केओ म्हणाली आणि बादलीत टाकू लागली. मास्तरांनी तो तिच्या हातातून घेतला. परसात जाऊन त्यांनी फोन काढला आणि पहिला फोटो मोठा करून पाहिला. फेच्या वाडग्याच्या कडेला जाकिटाबाहेर डोकावणारी बाही आली होती. पांढरी. निळा शर्ट तिच्या अंगावर नंतर, त्या ढिगातून आला होता.

दुसऱ्या पहाटे, पेन्शनच्या कामाला जातो, असं सांगून ते निघाले. हातजाळं गोणपाटात गुंडाळलं होतं. दावोन दारात उभी होती. तिने गोणपाटाकडे पाहिलं.

फेवालीने त्यांना लांबूनच ओळखलं. तिचा चेहरा उतरला.

"अहो, रागावू नका, पण असं कोणी करतं का?" ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी पोर तुमच्या मागोमाग गेली. त्याआधी महिनाभर पाकसानच्या बसपाशी उभी असायची. मला वाटलं, सुटली बिचारी. दुपारी बघते तर तुम्ही पुढे, मान ताठ, आणि ही मागून पळतेय. पांढऱ्या शर्टात, घामाने भिजलेली. तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत."

मास्तर बाकावर टेकले. "मी... जागा घेतली होती तिच्यासाठी."

"त्या जागेवर बसली होती ना दुसरी," फेवाली म्हणाली. "खिडकीशी. वयाने मोठी बाई होती, त्या निळ्याच शर्टात."

रश्शाखालचा जाळ तिने मंद केला. मग एक वाडगा मास्तरांपुढे ठेवला. आणि शेजारी, रिकाम्या बाकासमोर, दुसरा.

मास्तरांनी गोणपाट सोडलं. पांढरा शर्ट जाळीत पसरला, खिशातला गाठ मारलेला दोरा त्यावर ठेवला. इकडेतिकडे न बघता त्यांनी जाळं फिरवलं आणि मुलीचं पुरं नाव घेतलं.

जाळं जड झालं. ओढ नव्हती त्यात, फुगवटा नव्हता. झोपलेलं मूल खांद्यावर घ्यावं तसं ते जड झालं.

फेवालीने हात जोडले.

खिशात फोन वाजला. घरचा नंबर होता. केओ असेल म्हणून मास्तरांनी तो कानाला लावला. मागे हातमागाची खटखट ऐकू येत होती.

"बाबा, पोचलात?" दावोनचा आवाज. गोड, काळजीचा. म्हणजे मागावर केओ बसली होती. "एकटेच येताय ना?"

मास्तर बोलले नाहीत. आता बोलायचं नव्हतं.



"बोलत नाही तुम्ही," ती म्हणाली.

पलीकडे हातमागाची खटखट थांबली.

"या सावकाश. मी आहे आईजवळ."