रक्तात नसलेलं औषध

चित्रकलेच्या बाईंना शाळेच्या जिन्यातच फिट आली. सहावा महिना चाललेला. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. दवाखान्यात बाळाचे ठोके नीट ऐकू आले, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंचा जीव भांड्यात पडला.

पण रक्ताचा अहवाल आला आणि त्या चक्रावल्या. दोन वर्षं ज्याच्यामुळे फिट आली नव्हती, त्या औषधाचा रक्तात मागमूस नव्हता.

"गोळ्या बंद केल्यास?"

"एकही चुकवली नाही हो. फक्त हल्ली कडू लागत नव्हत्या. म्हटलं, दिवस गेल्यामुळे तोंडाची चव गेली असेल."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला घरी पिटाळलं. तो धापा टाकत औषधाची बाटली आणि वारांच्या कप्प्यांची डबी घेऊन आला. रोजची गोळी त्या डबीतूनच घेतली जायची. दोन्हींतल्या गोळ्या पांढऱ्या, गोल, सारख्याच. डॉक्टरीणबाईंनी एकेक जिभेला टेकवली. बाटलीतली कडूजहर. डबीतली गुळमट.

म्हणजे हात घरातलाच.

"डबी कोण भरतं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"कधी मी, कधी तिची ताई. ताई रोज येऊन जातात."

"हे औषध तुम्हाला पटत होतं?"

"भीती वाटायची. पण दिवस जायच्या आधीच तुम्ही सगळं समजावून औषध बदलून दिलंत. मग निर्धास्त झालो."

तिच्या सासूबाई तर फणकारल्याच. "पोटुशीनं असली औषधं घेऊ नयेत, हे मी तोंडावर सांगितलं होतं. पण चोरून हात लावणारी मी नव्हे! महिनाभर लेकीकडे होते. आज फोन आला तशी धावत आले."

ताई बाकावर बहिणीच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. "गेले पंधरा दिवस किती छान होती हो! आता काही होत नाही, असंच वाटत होतं." मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "माझी मुलगी शाळेतून सुटेल. तिची चाकाची खुर्ची दुसऱ्या कुणाला जिन्यावरून उतरवता येत नाही."

डॉक्टरीणबाईंनी फोन हातात घेतला. "शाळेत फोन करते. थोडा वेळ थांबवून घेतील तिला."

मग तिघांनाही त्यांनी आपल्या खोलीत बोलावलं.

"सासूबाई, पहिला संशय तुमच्यावरच होता. पण तुम्ही घरात नव्हता, आणि डबी तर दर आठवड्याला भरली जाते. तुमच्या मुलानं बदल केला असता, तर ती डबी माझ्यापुढे आणलीच नसती. वाटेत खऱ्या गोळ्या भरणं काय अवघड होतं?" त्या ताईकडे वळल्या. "तुमची बहीण दोन वर्षं छान होती. मग तुम्ही पंधराच दिवस का मोजलेत?"

ताईच्या हातातून चपला गळाल्या.

"जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या त्या," ती पुटपुटली. "मलाही फिटचा आजार. मीही गोळी घेत होते. पोर जन्मली ती पाठीच्या कण्यात दोष घेऊनच. हिच्या बाळाचं तसं होऊ नये, एवढंच..."

"तुमचं औषध वेगळं असणार. काही औषधांनी बाळाला धोका असतो, म्हणून तर हिचं आधीच बदललं. पण चालू औषध असं परस्पर तोडलं की फिट येते. तिच्यात आई आणि बाळ, दोघांच्या जिवावर बेततं. मला विचारायचं होतंत."

"तेव्हा विचारलं होतं. माझ्या डॉक्टरांना. ते हसले, म्हणाले, घाबरू नका."

नवरा मुठी आवळून उठला; सासूबाईंनीच त्याचा दंड धरला. "बस. आधी ती बहिणीला सांगू दे."

ताई आत गेली. दाराआडून तिचं हुंदके देत बोलणं ऐकू येत होतं. मग बहिणीचा बारीक आवाज आला, "ताई, माझा हात सोड."

ताई बाहेर आली आणि कुणाकडेही न बघता मुलीला आणायला निघून गेली.

सिस्टर पाणी आणि गोळी घेऊन आत गेली. गरोदर बाईनं चांगला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"ही नको," ती म्हणाली. "माझ्यासमोर नवी बाटली उघडा."