निळ्या छत्रीवाली

गंगापूर रोडच्या रद्दीवाल्याकडे एकाच जुन्या दिवाळी अंकाची दोन टोकं दोघांनी धरली होती.

"मला कथा हव्यात," तेजश्री म्हणाली.

"मला चित्रं," तो म्हणाला. "म्हणजे... कापायला."

"कापायला? आणि चित्राच्या मागच्या पानावरची कथा?"

तो ओशाळला. आल्हाद त्याचं नाव. कागद कापून जगावेगळी चित्रं जुळवायचा — माशाला पंख, गोदाघाटावरून चंद्रापर्यंत जिना. शेवटी अंक तिला मिळाला आणि तिचा एक फोटो त्याला. "अंक हातात धरून हसा," एवढंच तो म्हणाला.

मग हिवाळाभर ती त्याच्या खोलीवर जात राहिली. खळीचा वास, कात्रीची कुरकुर, आल्याचा चहा... आणि ती निळ्या छत्रीवाली! प्रत्येक चित्रात तीच. डोक्याच्या जागी घड्याळ, पण कंबर अशी, की तेजश्रीला घास गोड लागेना.

"कोण रे ही?"

"कोणी नाही. शिलाई मशीनच्या जाहिरातीतली."

"मग सगळीकडे कशी?"

"लागते..." त्याचे कान लाल झाले.

कान लाल! तेजश्रीनं चहा अर्धाच ठेवला.

त्याच्या चित्रांच्या प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी तिला खोलीवर ठेवून तो चित्रं टांगायला दोरी आणायला गेला. एका चित्रातल्या त्या बाईचा कोपरा सुटला होता. तेजश्रीनं हळूच नख घातलं. जरा बघायला म्हणून... छत्री निघाली, कंबर निघाली, घड्याळ निघालं, अख्खी बाईच हातात आली.

तिच्याखाली चिकटवलेली तेजश्रीच होती. हातात दिवाळी अंक, तेच हसू. केस मात्र ढगांचे, पांढरेशुभ्र. शेजारी बाकावर माशाच्या तोंडाचा म्हातारा. त्याला तिनं कितीदा पाहिलं होतं. अंगातला चौकड्यांचा शर्ट आल्हादचा आहे, हे आज दिसलं.

दारात दोरीचं बंडल पडलं.

"हे काय केलंस!"

"चुकून..." ती म्हणाली, आणि लगेच उसळली, "मला झाकलंस का? सगळ्या चित्रांत मीच आहे?"

"सगळ्यांत. तुला न विचारता म्हातारी केलं होतं ना... आधी विचारायला हवं होतं."

"मग विचार."

"होशील म्हातारी? माझ्याबरोबर?"

तेजश्रीनं कात्री उचलली. बाईच्या हातातली छत्री तेवढी कापली आणि खळ लावून बाकावरच्या दोघांवर चिकटवली.

"होईन."

उरलेली बाई तिनं घडी घालून पर्समध्ये टाकली.

"तिला कुठं नेतेस?"

"माझ्या घरी. तुझ्याजवळ ठेवू होय?"