उरलेला गुलाल

मुरगूडजवळ धैर्यशील पाटलांनी स्वतःच्या रानात ओढा अडवून मातीचा बांध घातलाय. आत दोन बोटी, काठावर गरम भजी. रविवारी कोल्हापूरची माणसं हौसेनं येतात. बांधाच्या कोरड्या अंगाला ओल दिसली, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी शाहूपुरीतला इंजिनिअर. मोजता येत नाही ते मी मानत नाही. बोटीसाठी हट्ट करून माझी तिसरीतली निशिगंधाही आली होती.

"आधी तपासणी, मग बोट," मी दरडावलं. बिनआईची पोर, तिच्या बाबतीत मी भित्राच आहे.

गळती बघायला तळ्यात रंग टाकतात. तो ओलीत उतरला, तर बांध धोक्याचा.

"रंग कशाला इकत? ग्रामपंचायतीच्या विजयाचा गुलाल पोतंभर उरलाय की!" पाटील म्हणाले. हौसेला मोल नसतं! पोतं ओतलं. बांधालगतचं पाणी लालभडक झालं.

वाट बघत आम्ही शेडमध्ये बसलो. खुंट्यांवर लाइफ जाकिटं होती. त्यातलं एकच लहान, आणि त्याच्याखालची फरशी ओली. पाटलांच्या पत्नी संयोगिताबाई ते पिळत होत्या.

"ओल दिसल्यापासनं बोट बंद हाय, तरी ह्ये वाळत न्हाय बघा, पावणं. उनात घाला, चुलीम्होरं घाला."

"कुणी वापरलं होतं शेवटी?"

"गावातल्याच एका पोरीनं..." म्हणत त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं.

"जुनं हाय," पाटील तुटकपणे म्हणाले.

फोम पाणी धरतो, मी समजावलं.

दुपार कलली तरी ओलीतलं पाणी नितळच होतं. बांध ठणठणीत आहे, असं मी सांगितलं आणि त्या लहान जाकिटाचे पट्टे निशूला स्वतः आवळले.

"बाबा, गार आहे."

मी हसलो.

बोट फिरून आली. निशू मध्यभागी, हात मांडीवर, सांगितलं होतं तशी. पाण्याला तिनं बोटही लावलं नव्हतं. संयोगिताबाईंनी जाकीट दाबून पाहिलं.

"अगं बया! वाळलं की ह्ये!"

पाटील हसले नाहीत. निशूकडं त्यांनी बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "सायेब, बांधाची ओलबी गेली. पोरगी बरी हाय न्हवं?"

"तिला काय होणार?"

फोन बंद झाला.

निशू जेवते, शाळेत जाते. फक्त तिचे केस वाळत नाहीत.

पंखा झाला, ऊन झालं. आज वेणी घालताना मी केस पिळले. ओंजळीत पाणी आलं.

गुलाबी.

मी टॉवेल ओढला. तिनं आरशातून माझ्याकडं शांतपणे पाहिलं.

"पिळून न्हाय वाळत ते, पावणं."