कार्डावरची मैत्रीण

चोर पळाला जवळ्याच्या कडेकडेनं, आणि त्याच्यामागचा पोलीस धावला थेट जवळ्यातून. कोपरीत खाडीकडच्या गल्लीत नंदानं सकाळपासून खपून वाळत घातलेली ती इवली इवली कोलंबी सरकारी बुटांखाली कराकरा वाजली. नंदानं चोराला जाऊ दिलं आणि पोलिसालाच धरलं, पट्ट्याला.

"हवालदार, डोळे चौकीत ठेवून आलात काय?"

"अहो, चोर पळतोय…"

"तो रोज पळतो. जवळा रोज मिळत नाय. उचला."

हवालदार उत्तम दहिवडीकडचा, दुष्काळी मुलखातला. खाडी त्यानं पाहिली तीच नोकरी लागल्यावर. बिचारा एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं एकेक जवळा वेचायला बसला. आता एवढा उंचापुरा गडी असा बसलेला बघून राग टिकणार कसा, तुम्हीच सांगा. नंदाला हसू फुटलं, त्यानं मान वर केली, आणि तीही मग उगाचच पदर सारखा करत बसली.

साल पंचाण्णव. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग, मधल्या पडवीत जुगाराचा अड्डा, खांबावरचे दिवे फुटलेले. पोलीस दिसला की लोक दारं लावून घ्यायचे. त्याच सुमारास नवे साहेब आले. नुसत्या दंडुक्यानं भागत नाही, लोकांना बरोबर घ्या, म्हणाले. गल्लीगल्लीत 'पोलीस मित्र' नेमायचे, दर रविवारी बैठक घ्यायची. या गल्लीसाठी उत्तम, आणि गल्लीतर्फे पहिलं नाव नंदाचं, कारण तिची हाक खाडीपासून स्टेशनापर्यंत जाते.

तीन महिन्यांत ढीग हलला, दिवे लागले. अड्ड्यासमोर बायका रोज मटार सोलायला बसू लागल्या, तेव्हा जुगारी लाजून उठले ते परत आलेच नाहीत. आणि दर रविवारी उत्तम हजेरी घ्यायचा. "वासंतीताई… चंद्रभागामावशी…" इथवर गाडी झकास. मग घसा खाकरायचा. "नंदा… गोमाजी."

"हवालदार, माझ्यातली ताई कुठं गेली हो?" नंदानं एकदा विचारलंच.

"ती… रजेवर आहे."

"कधी येणार?"

"मंजूर केलीय मी. कायमची."

मग ओळखपत्रं आली. उत्तमनं स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलेली. नंदाच्या बापानं, गोमाजीनं, चष्मा लावून वाचलं. नाव नंदा. हुद्दा… पोलीस मैत्रीण.

"आरं देवा," गोमाजी खाली बसला. "माझे पोरीला सरकारी शिक्का मारून पोलिसाची मैत्रीण केली? उद्या ते कार्ड तोंडावर फेकून यायचं. परत त्या बैठकीला जायचं नाय, चौकीकडं बघायचं पन नाय."

नंदा रात्रभर तळमळली. गल्लीचं काम सुटणार याचं वाईट वाटलंच. पण खरं सांगायचं तर तो माणूस सुटणार, याचं जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, आणि साहेब स्वतः बैठकीला आले होते. नंदाला घेऊन आलेल्या गोमाजीनं कार्ड त्यांच्यापुढं धरलं. साहेबांनी वाचलं आणि उत्तमकडं पाहिलं.

"हे काय आहे? लिहिण्यात चूक झाली म्हणा, विषय संपवा."

उत्तमचे कान लाल झाले. "चूक नाही साहेब. व्याकरण आहे. बाई असली तर मित्राचं मैत्रीण होतं…"

"असं?" गोमाजी वळला. "चंद्रभागा, तुझं कार्ड दाव गो."

चंद्रभागाबाईच्या कार्डावर होतं, पोलीस मित्र. वासंतीच्याही. बाराच्या बारा बायका पोलीस मित्र. मैत्रीण एकटी नंदा.

"यांच्या टायमाला व्याकरन कुठं गेलं?" गोमाजीनं विचारलं.

"त्यांच्या कार्डावर… जागा नव्हती."

"आनि नंदाच्या?"

उत्तमनं टोपी काढली. नंदाकडं सरळ बघत म्हणाला, "तिथं मी जागा केली."

बायकांनी तोंडाला पदर लावले. नंदाला वाटलं आता रडूच येणार, पण आलं हसू. "बाबा," ती म्हणाली, "मी कार्ड परत देनार नाय. मला हा मानूस पायजे."

गोमाजीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मैत्रीण म्हणून माझी पोर फिरायची नाय," तो म्हणाला. "गावाला जा. आईबापांना घेऊन ये. पुढचं बोलनं त्यांच्याशी."

"साहेब," उत्तम चाचरत म्हणाला, "रजा… चार दिवस…"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत ती स्टेशनापर्यंत जाणारी हाक आली.

"दोन पुरे."