खिडकीखालची मांजर

डॉक्टरीणबाईंनी मनकर्णेच्या गळ्यावरचा हात काढला, नाडी सोडली आणि तिच्या सासूकडे पाहिलं.

"औषध हिच्या पोटात जात नाही."

"रोज जाते," रुखमाबाई म्हणाल्या. "माह्या घरात, माह्या डोळ्यासमोर."

"मग डोळे तपासून घ्या. गळ्यातली ग्रंथी मंद आहे हिची. अंग गार आणि फुगलेलं, आवाज घोगरा, पाळी लांबलेली, केस हातात येतात. गोळी लागू पडली की हे बदलतं. मग मूलही राहू शकतं. इथे तर काहीच बदललेलं नाही."

रुखमाबाईंना एवढं तोंडावर आजवर कोणी बोललं नव्हतं. पण बाई खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. दिवाळीनंतर पहिल्यांदा नागपूरला आल्या, तेव्हा डॉक्टरीणबाईनंच सगळं उघड सांगितलं होतं. गोळी म्हणजे मेंढीच्या गळ्यातल्या गाठीची पूड. जास्त झाली तर माणूस खा-खा करतं आणि तरी वाळतं, छाती धडधडते, एका जागी बसवत नाही. रुखमाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. "पाप लागलं तर मले लागू दे," म्हणाल्या आणि गोळी कशाची ते घरी कोणाला कळू दिलं नाही. लेकालाही नाही.

नागभीडला परतताना गाडीत त्या अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, किती दिवस उरले ते बोटांवर मोजत राहिल्या. शब्द त्यांनीच दिला होता. गुणवंतराव, त्यांचा एकुलता लेक, दुसरं लग्न करायचं म्हणत होता. दिल्लीत कायदा होऊन राह्यला, मग दुसरी करता येणार नाही, असं त्यानं ऐकलं होतं. रुखमाबाईंनी ठणकावलं होतं, अखाजीपर्यंत औषध. तेवढ्यात दिवस राहिले तर ठीक, नाहीतर दुसरी आण. मनकर्णा मग माहेरी.

आणि माहेरी होतं कोण? मायबाप दोन्ही गेलेले.

घरी पोचताच रुखमाबाईंनी विधवा नणंदेला चुलीपासून उठवलं. सिंदेवाहीच्या पत्रूजींची पोरगी गुणवंतरावासाठी सुचवली होती ती याच गुणाबाईनं.

"सुनेच्या गोळीत काय कालवतं तू?"

"मी काऊन कालवू, वैनी?"

"स्थळ कोणं आणलं?"

"आणलं मी. या घराले वंश पाह्यजे, हे मी बाजारातही सांगीन. पन बाटलीले मी हात लावते तो फक्त सुनबाई पाळीची बाजूले बसते तवा. न शिवता वरून गोळी टाकते तिच्या हातावर. बाकी दिवस तुमचा लेक देते. त्याले इचारा."

"त्याले काय इचारू? रोज हातानं गोळी चारते म्हनून अख्खं गाव त्याले बायकोचा गुलाम म्हनते."

"मंग मीच राह्यली तुमाले चोर," गुणाबाई म्हणाली आणि पुन्हा चुलीत फुंकायला बसली.

रुखमाबाईंनी मनकर्णेला मागच्या खोलीत गाठलं.

"गोळी थुकत तर नाई ना?"

"नाई, बाई. लेकरू तर मलेच पाह्यजे."

"चव कशी लागते?"

"कधी वशट लागते. कधी खारट."

"कोन देते?"

"हे देतेत. सकाळी खिडकीपाशी उभं राहून, पान्याच्या गिलासासंगं." मनकर्णा जराशी लाजली. "मी बाजूले बसली का आत्याबाई देतेत. त्या दिवसाइत अंगात जरा जीव येते. काम नाई ना, म्हनून असंल."

रुखमाबाई बाहेर येऊन ओसरीवर सुपारी कातरत बसल्या.

समोरून भुरी मांजर गेली. दिवाळीपर्यंत ही मांजर एवढी आळशी, की उंदीर शेपटीवरून गेला तरी डोळा उघडत नसे. आता दूधभाताचं भांडं चाटून पुन्हा चुलीशी येत होती, तरी फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. घडीभर बसत नव्हती. रुखमाबाईंनी तिला मानेला धरून मांडीवर घेतलं. हाताखाली तिचं काळीज चिमणीसारखं फडफडत होतं.

अडकित्ता तसाच बाजूला राहिला.

पुढच्या पाळीला मनकर्णा मागच्या खोलीत जाऊन बसली. रुखमाबाई पहाटेपासून अंगणात. मांजर गुणवंतरावाच्या खिडकीखाली येऊन बसली, वर पाहत ओरडत राहिली. खिडकी उघडली नाही. रोज तेच. मनकर्णा न्हाऊन घरात आली, त्याच सकाळी मांजरीचं ओरडणं थांबलं.

रुखमाबाईंनी सिंदेवाहीला सांगावा धाडला. पोरीच्या बापानं पक्कं करायला यावं.

पत्रूजी फेटा बांधून आले. चहा झाला. गुणवंतराव नव्या धोतरात चमकत होता. रुखमाबाई म्हणाल्या, "पत्रूजी, जावई पोरीले किती जपंल ते पाहून घ्या. लेका, बायकोची आजची गोळी राह्यली. इथीच दे."

"आता? पावन्यासमोर?"

"पावन्यालेच पाहाचं हाये."

त्यानं बाटली आणली. सवयीनं खिडकीशी गेला, पाठ फिरवली, हात बाहेर गेल्यासारखा वाटला. मग वळून मनकर्णेच्या तळव्यावर गोळी ठेवली. ती तोंडात टाकणार तोच रुखमाबाईंनी तिचं मनगट धरलं.

गोळी त्यांनी जमिनीवर ठेवली, पायाशी घुटमळणाऱ्या मांजरीला पुढे ओढलं. मांजरीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग त्यांनी बाटलीतली एक काढून ठेवली. मांजरीनं झडप घातली.

सगळ्यांनी गुणाबाईकडे पाहिलं.

"तिकडं नका पाहू," रुखमाबाई म्हणाल्या. "मीबी तिलेच चोर समजली होती. पन सुनेले जीव येते कवा? बाजूले बसते तवा. तवा नवरा शिवत नाई, गोळी गुणाबाई देते, अन् ते खरी असते. वशट. बाकी दिवस हा खरी गोळी खिडकीतून फेकते अन् खिशातली सोड्याची देते. खारट. फेकलेली मांजर खाते. सून फुगत गेली, मांजर वाळत गेली. सून बाजूले बसली का मांजरीचा खुराक बंद, म्हनून ते खिडकीखाली रडे. या येड्याले वाटलं, खडूसारखी गोळी, मातीत मिळून जाईन. ते मेंढीच्या मासाची हाये हे त्याले मालूमच नोतं."

"माय, तू मांजरीवरून मले..."

"खिसा उलटा कर."

त्यानं केला नाही. पत्रूजींनी उठून स्वतः केला. पांढऱ्या गोळ्या जमिनीवर घरंगळल्या.

"अखाजीपर्यंत माह्यं पोट रिकामं ठेवाचं होतं तुमाले," मनकर्णा घोगऱ्या आवाजात म्हणाली. ती नवऱ्याशी चारचौघांत पहिल्यांदा बोलत होती.

"कायदा येऊन राह्यला म्हनून," तो पुटपुटला. "नाईतर मी..."

पत्रूजींनी चपला घातल्या. "पोरगी विहिरीत लोटीन, पन या घरात नाई देनार," म्हणाले आणि बैलगाडीकडे चालू लागले.

रुखमाबाई लेकासमोर उभ्या राहिल्या. "तुह्या बापानं धानाची जमीन अन् हे घर माह्या नावानं ठेवलं, कारन तो तुले ओळखत होता. मीच खुळी. उद्या चांद्याच्या कचेरीत जाऊन सारं मनकर्णेच्या नावानं करते. लेकरू होवो का न होवो. गोळी आता गुणाबाई देईन, बाराही महिने. तू या गावात राहाशीन, अन् सारे तुले पाहतीन."

"अन् मी राहू कुठी, माय?"

"माह्यं काय राह्यलं इथी? मालकिनीले इचार."

गुणवंतरावानं बायकोकडे पाहिलं. मनकर्णेनं बाटलीचं बूच घट्ट बसवलं, बाटली पदरात बांधली.

"गोठ्यात जागा हाये," ती म्हणाली.